कोठारातली आप्पिया आणि माझी दिवंगत आई

कोठाराचा रिकामा भाग भाड्याने द्यायला मी 'हो' म्हणालो आणि त्यापायी माझी आई चार वेळा वारली. चारही वेळा गुरुवारी. पहिल्या तीन वेळा तिला पत्ताच लागला नाही. संध्याकाळी घरी येऊन तिने नेहमीसारखं 'सूप गार का?' म्हणून मला फैलावर घेतलं. चौथ्या वेळी मात्र ती स्वतः हजर होती.

नीट सांगतो. मी एव्हाझिओ. (आमच्या मोन्फेर्रातोच्या टेकड्यांत या नावाची माणसं पायलीची पन्नास मिळतील. उगाच भारदस्त वाटून घेऊ नका.) सान देफेन्देन्ते गावच्या कचेरीत मी जन्म-मृत्यूची नोंदवही सांभाळतो. एकतीस वर्षांत मी एकाही माणसाला डॉक्टरच्या दाखल्याशिवाय मरू दिलेलं नाही. गेल्या वर्षी गावचे पाद्री स्वतः येऊन सांगत होते की काल त्यांनीच त्या म्हाताऱ्याला पुरलंय. मी म्हणालो, "असेल फादर, पण कागदावर तो अजून जिवंत आहे." असा मी शिस्तीचा माणूस.

घर गावाबाहेर, टेकडीवर. पुढे द्राक्षांच्या चार ओळी, अंगणापलीकडे कोठार. अर्ध्या कोठारात गवत, पिंपं आणि कोंबड्या. उरलेलं अर्धं रिकामं. बाबा होते तोवर तिथे साधी टोपली ठेवायची सोय नव्हती. बाबा पोस्टमन. एरवी अगदी गरीब गाय, कुणाला उलटून बोलणार नाहीत. पण त्या जागेत कुणी लाकडाची मोळी टाकली की मुकाट्याने उचलून बाहेर पावसात ठेवायचे. का म्हणून विचारलं तर 'असू दे' म्हणायचे. आम्हाला वाटायचं, वरचं छप्पर गळत असेल. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली, तरी आई दर शनिवारी ती रिकामी जागा झाडून काढते. मी तिला कारण विचारलं नाही. अर्ज आल्याशिवाय काही विचारायचं नाही, ही कचेरीची सवय.

अशात एक दिवस दुइलिओ कचेरीत आला. तोरिनोला जुन्या गाड्यांचा धंदा, पायात पिवळे बूट. आला होता चुलत्याच्या दाखल्यासाठी, पण खिडकीतून त्याला टेकडीवरचं आमचं कोठार दिसलं आणि तो चुलत्याला विसरला.

"कुणाचं हो ते?"

"आमचंच."

"रिकामं आहे?"

"अर्धं."

त्याने खुर्ची ओढली. "एव्हाझिओ, लोक गाडी विकत घेत नाहीत. कोठाराचं दार उघडताना कुरकुरतं ना, तो आवाज विकत घेतात. माझ्याकडे शोरूममध्ये गाडी ठेवली की गिऱ्हाईक चाकाला लाथ मारून बघतं. तीच गाडी कोठारात कोंबडीखाली ठेवली की टोपी काढतं."

मी 'बघू' म्हणालो. (मला नाही म्हणता येत नाही. 'बघू' म्हणजे 'हो', हे सगळ्या गावाला माहीत आहे. दुइलिओला दोन मिनिटांत कळलं.) घरी येऊन मिरेलाला, म्हणजे बायकोला सांगितलं. तिने लगेच हिशेब मांडला तो पैशांचा नव्हे, दिवसांचा. "पंधरा दिवस लिगुरियाला समुद्रावर. बत्तीस वर्षं तू 'बघू' म्हणतोयस. आता खरंच बघू."

सोमवारी ट्रकवरून गाडी आली. आप्पिया. करड्या रंगाची, एकसष्ट सालची, गोल खांद्यांची, दारं कपाटासारखी दोन्हीकडे उघडणारी. ट्रकवरून उतरवून तिला ढकलत आत नेलं. मग दुइलिओने कोट काढला आणि आपली कला दाखवली. मिरेलाच्या व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी घेतली, मक्याचं पीठ चाळायच्या चाळणीतून ती धूळ टपावर अशी हलक्या हाताने भुरभुरवली की बघत राहावं. धूळ बसावी म्हणून वरून द्राक्षांच्या फवारणीच्या पंपाने पाणी. (पंप धुतलेला नव्हता. मोरचुदाचे निळे ठिपके उमटले. पुढे एका तज्ज्ञाने ते 'त्या काळच्या मूळ रंगाचे' असल्याचा निर्वाळा दिला.) मागच्या काचेशी अडुसष्ट सालचं वर्तमानपत्र, आरशाला जपमाळ.

"बत्तीस वर्षं मी या घरातली धूळ काढतेय," मिरेला दारात उभी राहून म्हणाली. "कुणाला त्याची कधी किंमत नव्हती. आणि आज ती विकायला मांडलीये."

आईला मी सांगितलं की एका ओळखीच्या माणसाने थोडे दिवस गाडी ठेवलीये. ती कोठाराच्या दारापर्यंत आली. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करणार. पण तिने गाडी वरपासून खालपर्यंत न्याहाळली आणि एवढंच म्हणाली, "करडीच मिळाली का?" आणि आत गेली. त्या शनिवारी तिने गाडीच्या चारी बाजूंनी झाडून घेतलं. वरची धूळ मात्र हलवली नाही. मला वाटलं, म्हातारी समजूतदार झाली.

आता गोष्ट हवी होती. ती दुइलिओच्या डोक्यात तयार होती. "तुझ्या वडिलांनी तुझ्या आईसाठी घेतली. आई गेली. वडिलांनी कोठाराला कुलूप लावलं, ते आज उघडलं."

"अरे, पण माझी आई धडधाकट आहे!"

"जिवंत जोडप्याची गाडी म्हणजे नुसती जुनी गाडी. कुणीतरी जायलाच हवं. गुरुवारी असते का आई घरी?"

"गुरुवारी ती चर्चच्या हॉलमध्ये पत्ते खेळायला जाते."

"मग गुरुवारी वारली," दुइलिओ म्हणाला आणि त्याने बूट पुसले.

पहिलं गिऱ्हाईक बोलोन्याचं, नवराबायको. दार कुरकुरलं. बाईंनी तोंडावर हात ठेवला. मी गोष्ट सांगितली, जरा अडखळतच. नवरा गाडीभोवती फिरला, वाकला आणि म्हणाला, "नंबराची पाटी रागुझाची कशी?"

आमच्याकडे त्या काळच्या गाडीच्या पाटीवर जिल्ह्याची दोन अक्षरं असायची. आमच्या भागातला माणूस समोरून गाडी आली की आधी अक्षरं वाचतो, मग आत कोण आहे ते बघतो. आमची अक्षरं आस्तीची. या गाडीवर होती रागुझाची, म्हणजे पार सिसिलीच्या खालच्या टोकाची. जिल्हा बदलला की पाटी बदलावी लागे, म्हणजे ही गाडी कागदोपत्री जन्मभर सिसिलीतच होती. आणि आयुष्यभर कागद तपासलेल्या या कारकुनाने ती पाटी एकदाही वाचली नव्हती!

"आई..." मी म्हणालो, "आई रागुझाची होती."

आणि मग काय झालं मला कळेना, तोंड आपोआप चालू लागलं. बाबा सैन्यातल्या सक्तीच्या नोकरीसाठी सिसिलीला गेले. सज्जात लिंबं सोलणारी मुलगी दिसली. तिच्या वडिलांनी लग्नात गाडी दिली. दोघं नवीकोरी गाडी घेऊन अख्खा देश खालून वर चढत आले, आणि आईच्या आठवणीखातर बाबांनी पाटी कधी बदलली नाही. बाईंनी रुमाल काढला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. (मोरचुदाचा वास होता, पण केवळ त्यामुळे नव्हे.)

ते 'कळवतो' म्हणून गेले. मी दुइलिओला विनवलं, "निदान पाटी तरी बदल."

"वेडा आहेस का? मूळ पाटी म्हणजे सोनं. पाटीला हात लावायचा नाही. गोष्ट तिच्यापाशी आणायची. आणि तू ती फर्मास आणलीस."

दुसऱ्या गुरुवारी जेनोवाहून एक वकील आला, तिसऱ्या गुरुवारी तो निळ्या ठिपक्यांचा तज्ज्ञ. गोष्ट वाढत गेली. आई लिंबाच्या झाडाखाली गाऊ लागली. "इंजिनाचा आवाज अगदी तिच्या गाण्यासारखा," मी सांगायचो. आणि एक विचित्र गोष्ट होऊ लागली. कचेरीत दाखले लिहिताना मला बाबा दिसायचे, पण सायकलवर मेणकापडाची टोपी घालून चढ चढणारे, घामाने निथळणारे बाबा नव्हेत. आप्पियात बसलेले बाबा. डावा हात खिडकीबाहेर, तोंडात शीळ. शेजारी आई हसतेय. आमच्या घरात बाबांना शीळ घालताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला गाडी हवी होती असं नाही. ती गाडी ज्यांची असती, ते सुखी बाबा मला हवे होते. इतके हवे होते की छातीत दुखायचं.

त्यामुळे तिसऱ्या गुरुवारी, तो तज्ज्ञ खिशात हात घालू लागला तेव्हा मी हळूच म्हणालो, "खालून सगळी सडलीये बरं का." तो गेला. दुइलिओने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पुढच्या वेळी रडायचं काम तेवढं कर."

चौथ्या गुरुवारी झुरिकचे डॉक्टर इमहोफ आले. दातांचे डॉक्टर. उंच, हळू बोलणारे, हातात टोपी. त्यांना गोष्ट सांगताना मी स्वतःलाच मागे टाकलं. न्यूमोनिया, खिडकीवर पाऊस, चेलेस्तिनोच्या, म्हणजे बाबांच्या हातात तिचा हात.

"आणि शेवटचे शब्द," मी म्हणालो, "'चेलेस्तिनो, त्या गाडीतून मला एकदा समुद्र दाखव.'"

डॉक्टरांनी टोपी छातीशी धरली.

"अरेरे," मागून आवाज आला. "कशाने गेली म्हणालास?"

दारात आई उभी होती. कोटाची सगळी बटणं लावलेली, हातात पर्स. हॉलची शेगडी बिघडली होती म्हणून पाद्र्यांनी पत्ते लवकर आटपायला लावले होते.

"न्यूमोनिया," मी म्हणालो. (तोंडाला सवय झाली होती.)

"आणि होती कुठली?"

"सिसिलीची," डॉक्टर इमहोफ हळुवारपणे म्हणाले. "रागुझाची."

आईच्या मते जेनोवा ओलांडलं की आफ्रिका लागते. मरणाचं तिने सोसलं असतं, पण हे तिच्या वर्मी लागलं. तिच्या नाकपुड्या फुगल्या.

"आपण कोण?" डॉक्टरांनी अदबीने विचारलं.

"या... शेजारीणबाई," मी घाईघाईने म्हणालो.

आईने माझ्याकडे असं बघितलं की मला माझाच दाखला लिहिलेला दिसला. मग ती डॉक्टरांकडे वळली. "हो. शेजारीणच. तिला माझ्याइतकं कुणी ओळखत नव्हतं हो. सोन्यासारखी बाई. मुलगा तेवढा करंटा निघाला."

"मुलगा म्हणजे... हे?"

"हेच ते."

दुइलिओला खोकला लागला. आई पुढे झाली. दाराची मूठ कुठे आहे ते न बघता तिने दार उघडलं, शेजारच्या सीटवर बसली, पर्स मांडीवर ठेवली आणि समोरच्या काचेतून कोठाराच्या भिंतीकडे बघत बोलू लागली.

"खरी गोष्ट ऐका. हा चेलेस्तिनो पोस्टमन होता. नोटरीसाहेबांकडे अशीच करडी आप्पिया होती. रोज पत्रं द्यायला जायचा आणि रोज पुसून यायचा. पत्रं नव्हे, गाडी! साहेब नवी घेणार होते, जुनी याला द्यायचं त्यांनी कबूल केलं. लोक हसले. म्हणाले, पोस्टमनला आप्पिया! सहा वर्षं याने वाईन सोडली, तंबाखू सोडला. लायसन्स काढलं. ही जागा रिकामी केली, जमीन ठोकून सपाट केली. रविवारी गाडी आणायची ठरली, आणि शुक्रवारी पोर आलं. दोन महिने आधी. सशाच्या पिल्लाएवढं. सात आठवडे तोरिनोच्या हॉस्पिटलात. गाडी तिथेच गेली."

एक कोंबडी गाडीखालून निघून गेली.

"स्टेशनवरून त्याला घरी आणलं ते सायकलवर, टपालाच्या पिशवीत. मी मागे चालत. चढावर चेलेस्तिनो थांबला, पिशवीत डोकावला आणि म्हणाला, 'बघ, आप्पियापेक्षा कमी आवाज करतो.' जन्मात त्याने गाडीचं नाव पुन्हा काढलं नाही. पण जागा रिकामी ठेवली. मला म्हणायचा, 'पोरगा मोठा होईल ना, तो आणेल.'" आईने पर्सची कडी उघडली, बंद केली. "पोरगा मोठा झाला. कारकून झाला."

अकरा वर्षं ती दर शनिवारी काय झाडत होती, ते मला आत्ता कळत होतं. इतकी वर्षं त्या जागेत माझीच वाट बघितली जात होती, आणि मी ती एका पिवळ्या बुटवाल्याला भाड्याने दिली होती.

डॉक्टर इमहोफ खाली वाकले. "आपलं नाव, बाई?"

"सेकोंदिना."

"दिवंगत बाईंना भेटून फार आनंद झाला," ते म्हणाले. (दातांच्या डॉक्टरांना खोटं लगेच कळतं. आम्ही सगळे त्यांना 'दिवसातून दोनदा ब्रश करतो' असं सांगत असतो.) मग ते दुइलिओकडे वळले. "मी घेतो. किंमत तुम्ही सांगाल ती."

दुइलिओचा हात पुढे गेला.

"विकायची नाही!" मी ओरडलो. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा 'नाही' म्हणालो, तेही इतक्या जोरात की कोंबड्या गवतावर चढल्या आणि मिरेला स्वयंपाकघरातून धावत आली.

"अरे, गाडी तुझी कुठे आहे?" दुइलिओ म्हणाला.

मुद्दा बरोबर होता. मी मिरेलाकडे बघितलं. तिचा समुद्र माझ्या डोळ्यांसमोर आटत होता आणि तिला तो आटताना दिसत होता. तिने गाडीत डोकावून विचारलं, "आई, उतरताय?"

"गुडघे दुखताहेत," आई म्हणाली. "बसते जरा."

मिरेलाने ॲप्रनला हात पुसले. "कागद काढ रे दुइलिओ," ती म्हणाली, "आणि पुन्हा माझ्या धुळीला हात लावलास तर बघ."

दुइलिओने स्विस भाव लावला. काय बोलणार? गोष्ट मी रचली होती, किंमतही मलाच भरायला लागली. साक्षीदार म्हणून डॉक्टर इमहोफनी सही केली. मी प्रत्येक पानावर, प्रत्येक रकान्यात, कचेरीच्या शिस्तीने सही केली. सगळं झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता एकदा बॉनेट उघडू या का? ते तुमच्या आईंच्या गाण्यासारखं इंजिन बघायची इच्छा आहे."

चार गुरुवार, चार गिऱ्हाइकं, चार मरणं; बॉनेट कुणी उघडलंच नव्हतं. अशा प्रसंगी बरं दिसत नाही ना! मी उघडलं. आत गवताचं घरटं होतं, आणि त्यात अकरा अंडी. त्याखेरीज काहीच नव्हतं. इंजिन असतं तिथून खालची जमीन दिसत होती. ठोकून सपाट केलेली.

"इंजिनाबद्दल कुणी विचारलंच नाही," दुइलिओ पिवळे बूट झटकून निघता निघता म्हणाला.

(दाखल्याशिवाय कुणाला मरू न देणाऱ्या माणसाने इंजिनाशिवाय गाडी घेतली. ही बातमी सोमवारी कचेरीत माझ्याआधी पोचली होती.)

आता दर रविवारी चर्चमधून आल्यावर आम्ही फिरायला जातो. म्हणजे कोठारात जातो. आईने बाबांचं लायसन्स कपाटातून काढून समोर काचेपाशी लावलंय. एकही घडी न मोडलेलं, फोटोत बाबा पंचवीस वर्षांचे, हसू आवरत असलेले. मी स्टिअरिंग धरतो, गिअर बदलतो. आई शेजारी, पर्स मांडीवर. वळणावर ती दाराची मूठ घट्ट धरते आणि 'सावकाश रे' म्हणते. मिरेला मागे समुद्रावरची गवती टोपी डोळ्यांवर ओढून पडते.

"समुद्र आला की उठवा," ती परवा म्हणाली.

मी तासभर गाडी चालवली. कोंबड्या खालून ये-जा करत होत्या. एकदा तर मला खरंच वाटलं की आपण कुठेतरी उंचावर आहोत, खिडकीतून वारा येतोय, आणि शीळ ऐकू येतेय. मी आईला विचारलं, "कसं वाटतंय, आई?"

समोरच्या भिंतीकडे बघतच कोटाची कॉलर सावरून ती म्हणाली,

"छान वाटतंय. पण तुझे बाबा असते तर एव्हाना पोचलो असतो."